आडात आहे, पण पोहऱ्यात नाही

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. वेदगंगेच्या काठच्या या गावी सकाळ लवकर होते. एस. टी.च्या गाड्या कोल्हापूरच्या वाटेला लागतात, दुधाच्या किटल्या डेअरीकडे निघतात आणि पाठीशी दप्तरे अडकवून मुले आपापल्या शाळेकडे वळतात. मौनी विद्यापीठासारखी संस्था ज्या गावात उभी राहिली, त्या गावाला शाळेचे आणि शिक्षकांचे कौतुक असावे, यात नवल ते काय!

या गावातील एका शाळेत बाई मराठी शिकवीत. त्यांचा आवाज मोठा गोड. त्या कविता म्हणू लागल्या, की शेजारच्या वर्गातील मुलेही कान देऊन ऐकत. परंतु एका वर्षी काही निराळेच घडू लागले. पहिल्या तासाला खणखणीत असणारा आवाज चौथ्या तासाला नाकातून येई आणि सहाव्या तासाला शब्द ओठांवरच विरून जात. दुपार कलली, की डावी पापणी खाली उतरे आणि एका फळ्याचे दोन फळे दिसू लागत. केस विंचरण्यासाठी वर केलेले हात मध्येच खाली येत. भाकरीचे पहिले चार घास सुखाने चावले जात. पाचव्या घासाला जबडा थकून जाई. आणि आश्चर्य असे, की रात्रभर झोप झाली, म्हणजे सकाळी बाई पुन्हा पूर्वीसारख्या दिसत!

नेमकी हीच गोष्ट लोकांना खटकू लागली. ताप नाही, जखम नाही. सकाळी तर चांगल्या हिंडत-फिरत होत्या. मग दुपारीच हा कसला आजार? कोणी म्हणाले, "बाईंना कामाचा कंटाळा आला." हसताना ओठांचे कोपरे वर जाईनात, म्हणून कोणी म्हणाले, "बाईंना गर्व झाला." शेजारच्या आजी तर एकदा तोंडावरच बोलून गेल्या, "अगं, आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी सारे येऊन बसतात, परंतु ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, त्याला दुखण्याबरोबर लोकांचा संशयही सोसावा लागतो.

अखेर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी निदान केले. रोगाचे नाव 'मायस्थेनिया ग्रेव्हिस'. हा रोग काही नवा नव्हे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ साली एका स्त्रीची हकीकत लिहून ठेवली आहे. ती आरंभी मोकळेपणाने बोले. परंतु फार वेळ किंवा घाईघाईने बोलली, की तिची वाचा बसे आणि तास-दोन तासांनंतरच ती परत येई. तिला हाच रोग झाला असावा, असे आज मानतात. पुढे कितीतरी पिढ्या या रोगावर गुणकारी औषध नव्हते. १९३४ साली लंडनमधील ग्रीनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांच्या ध्यानात आले, की या रुग्णांची अवस्था 'क्युरारे' या विषाची बाधा झाल्यासारखी दिसते. तेव्हा त्या विषावरचा उतारा त्यांनी एका रुग्ण स्त्रीला टोचून पाहिला. आणि काय आश्चर्य! खाली उतरलेली पापणी वर उचलली गेली. आज बाई ज्या गोळ्या घेतात, त्या त्याच जातीच्या आहेत. सुप्रसिद्ध अभिनेते अमिताभ बच्चन यांनाही १९८४ साली हाच रोग झाल्याचे निदान झाले होते. त्यानंतर ते कित्येक वर्षे काम करीत राहिले.

रोगाला नाव मिळाले. परंतु वर्गाला ते ठाऊक नव्हते. एके दुपारी बाई फळ्यावर लिहीत असता मागच्या बाकावरील एका मुलाने बोटाने पापणी खाली ओढली आणि नाकातून बोलून त्यांची हुबेहूब नक्कल केली. वर्गात हशा पिकला. बाईंनी वळून पाहिले. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. बाई रागावल्या नाहीत. त्या अस्पष्ट स्वरात एवढेच म्हणाल्या, "उद्या पहिल्या तासाला सांगेन. आज माझा आवाज संपला."

दुसऱ्या दिवशी वर्ग कसा चिडीचूप होता! बाई म्हणाल्या, "मुलांनो, हात उचलायचा झाला, तर मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून स्नायूकडे जाते. ही आज्ञा म्हणजे टपाल समजा. ते घेण्यासाठी स्नायूच्या दारावर असंख्य पेट्या असतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरीही असतात. माझ्या पहारेकऱ्यांची काही गफलत झाली आहे. परक्यांना अडवायचे सोडून ते घरच्याच पेट्या फोडीत सुटले आहेत. आरंभी टपाल भरपूर येते, म्हणून उरलेल्या पेट्यांतूनही ते पुरेसे आत पोचते. तेच काम पुनःपुन्हा केले, की टपाल कमी होते आणि स्नायू स्वस्थ बसतो. विश्रांती मिळाली, की ते पुन्हा साठते. माझी गोळी फुटलेल्या पेट्या दुरुस्त करीत नाही. ती पत्र लवकर फाटू देत नाही, एवढेच. ते दाराशी थोडे अधिक थांबते आणि त्याला उघडी पेटी सापडते. आणि भिऊ नका, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

नक्कल करणाऱ्या मुलाने हळूच विचारले, "बाई, तुम्ही बऱ्या कधी होणार?"

बाई क्षणभर थांबल्या. "ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण रोज आपल्याला किती बळ मिळते, हे मला कळू लागले आहे. ते कोठे खर्चायचे, एवढे मी ठरवते."

त्या दिवसापासून बाईंचा संसार त्या बळाच्या हिशेबाने चालू लागला. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदलून कवितेचा तास सकाळी ठेवला. दुपारी धडा वाचण्याचे काम मुलांनी वाटून घेतले. नक्कल करणाऱ्या मुलाचे वाचन त्यांत सर्वांत स्पष्ट असे. जेवणाआधी पुरेसा वेळ राखून बाई गोळी घेतात आणि भाकरी आमटीत कुस्करून खातात. कोपर टेबलावर टेकून केस विंचरतात. पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या औषधाने इतर रोगांशी लढण्याची शक्ती कमी होते; म्हणून पडसे आलेले मूल आपण होऊन मागे बसते. काही औषधे या रोगात घातक ठरतात. त्यांची यादी बाईंच्या पर्समध्ये असते. श्वास लागू लागला, तर घरी वाट पाहत बसायचे नसते. कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर दूर. म्हणून गाडीवाल्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे.

सगळेच दिवस सारखे नसतात. कधी गोळी घेऊनही पापणी उघडत नाही. ठरलेले लग्नकार्य, जत्रा, मैत्रिणीची भेट, सारे राहून जाते. अशा संध्याकाळी बाईंचे डोळे भरून येतात. परंतु सकाळी त्या पुन्हा आपला हिशेब मांडतात.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आजी गुरगुट्या भात घेऊन आल्या. चावायला नको, म्हणून त्यांनी तो मुद्दाम मऊ शिजवला होता. वाटी पुढे ठेवून त्या संकोचाने म्हणाल्या, "पोरी, त्या दिवशी मी उगाच बोलले."

बाई हसल्या. ओठ वर गेले नाहीत. पण आजींना ते हसू कळले. बाई सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाल्या, "आजी, आडात आहे हो. पोहऱ्यात यायला जरा वेळ लागतो."

"लागू दे की," आजी पदर सावरून बसत म्हणाल्या, "मला कुठं घाई आहे?"