उलटा खराटा

करवत हातात घेऊन मी गच्चीवर जवळजवळ अर्धा तास नुसती बसून होते. समोर कुंडीत चायनीज एल्मचं चार फुटांचं झाड, अंगठ्याहून जाड खोड, वर भरघोस फांद्या. 2021 च्या फेब्रुवारीतली सकाळ. फांद्यांवरचे डोळे नुकते फुगायला लागले होते, आणि मला ते झाड बुंध्यापासून वीतभर उंचीवर आडवं कापायचं होतं. एकही फांदी ठेवायची नाही, नुसता खुंट. ज्यांच्याकडे मी बोनसाय शिकत होते त्या काकू म्हणाल्या होत्या, "हात थरथरला तर थांब. पण कापल्याशिवाय हे झाड व्हायचं नाही." दिवेलागणीनंतर तुळशीच्या पानालाही हात लावू न देणाऱ्या आजीच्या हाताखाली मी वाढले. आपण नक्की काय करतोय, हे मला खरंच कळत नव्हतं.

याची सुरुवात 2018 सालची. त्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय बोनसाय संमेलन आणि प्रदर्शन भरलं होतं. वळणावळणाची, कड्यावरून खाली झुकल्यासारखी झाडं बघत बघत मी एका अगदी साध्या झाडापाशी थांबले. उथळ ट्रे, सरळसोट खोड, आणि खोडाच्या माथ्यावरून चहूबाजूंनी वर निघालेल्या केसासारख्या बारीक फांद्या. कुठंही ओढूनताणून वाकवलेलं काही नाही. लहानपणी गावच्या पाराजवळ उभं राहून लांबचं झाड बघावं, तसं ते दिसत होतं. या घडणीला झाडू शैली म्हणतात, जपानीत 'होकिदाची', आणि होकी म्हणजे झाडूच, हे मला नंतर कळलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी अंगणातला नारळाच्या हिरांचा खराटा उचलून उलटा धरला. "असंच ना?" अगदी तसंच.

जपानमध्ये ही शैली प्रामुख्यानं केयाकी या झाडाची. तोक्योच्या ओमोतेसांदो रस्त्यावर दुतर्फा हीच झाडं आहेत, आणि ती मोठ्या आकारातही अशीच खराट्यासारखी वाढतात. केयाकी एल्मच्याच कुळातली. आपल्याकडे केयाकी सहज मिळत नाही, चायनीज एल्म मात्र पुण्यातल्या रोपवाटिकांत मिळतो. त्याची पानं मुळातच नखाएवढी, कातर किनारीची, आणि कुठंही छाटलं तरी तो फुटतो. आपला वावळाही याच कुळातला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे. थंडीत पानं झडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला पोपटी, कागदासारख्या चपट्या बिया लागतात आणि उन्हाळ्यात त्या वाऱ्यावर उडत आमच्या गच्चीवर येतात. विजेच्या तारांना लागतात म्हणून त्याच्या फांद्या दर वर्षी पावसाळ्याआधी छाटल्या जातात, आणि प्रत्येक थोट्या टोकावर चार-सहा आठवड्यांत फुटव्यांचा झुबका उभा राहतो. इतकी वर्षं मी त्या झाडाखालून भाजी घेऊन येत होते. तिथं काय चाललंय, ते एल्म कापल्यावरच माझ्या लक्षात यायला लागलं.

शेवटी कापलं. खोड आरपार गेलं तेव्हा ओल्या लाकडाचा वास आला आणि काप पाण्यानं चमकायला लागला. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, कुंडी ग्रीन नेटखाली ठेवली. पहिले पंधरा दिवस काहीच नाही. रोज सकाळी मी त्या खुंटाकडे बघून कामाला जायची आणि रोज वाटायचं, गेलं हे. एकोणिसाव्या दिवशी चष्मा लावून बघितलं तर कापाच्या कडेला, साल आणि लाकूड जिथं भेटतात त्या हिरव्या रेघेवर, मोहरीच्या निम्म्या आकाराचे ठिपके दिसले. लाकडात एकही नाही, सगळे त्या रेघेवर, गोलाकार. आठवडाभरात त्यांना टोकं आली. मार्चअखेर मी मोजले, तेवीस फुटवे होते.

आणि मी ते तेवीसच्या तेवीस ठेवले. काकूंनी सांगितलं होतं की विरळणी कर. पण मेलंय म्हणून मी ज्याच्यासमोर हात जोडले होते, त्या खुंटातून आलेला कुठला फुटवा खुडायचा? मला तर ते जितके जास्त तितका खराटा दाट, असं वाटत होतं. पाऊस लागला तशी सगळ्या फांद्यांनी उसळी घेतली. गणपतीत पाहुणे गच्चीवर आले की मी ते झाड दाखवायची.

दिवाळीच्या आधी काकू घरी आल्या. त्यांनी पानांकडे बघितलंच नाही. पानांच्या खाली बोट घातलं आणि खोडाच्या माथ्यावरून फिरवलं. मग माझं बोट धरून तिथं नेलं. खोड खाली जेवढं होतं त्याच्यापेक्षा वर जाड झालं होतं. तेवीस फांद्या एकाच कड्यावर पोसत होत्या, प्रत्येकीच्या मुळाशी लाकूड साठत होतं, आणि सगळं मिळून एक गाठोडं तयार झालं होतं. "खोड वर जाताना निमुळतं व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "हे उलटं झालंय. आता हे जाणार नाही, पुन्हा कापावं लागेल."

त्याच दिवशी मंडईतून लक्ष्मीपूजनाची नवी केरसुणी आणली होती, हळदकुंकू लावायची राहिली होती. काकूंनी ती मागितली. शिंदीच्या पात्यांची, मुठीपाशी करकचून बांधलेली. "ही बांधणी सोडली तर काय होईल?" पाती फिसकटतील, मूठ फुगेल. "झाडाचंही तेच. तू कापलंस, पण बांधलं नाहीस." ते वाक्य ऐकलं तेव्हा पहिल्यांदा या कामाचा धागा माझ्या हाती आला. तोवर मी सांगितलेलं करत होते, कशासाठी ते समजलं नव्हतं.

2022 च्या फेब्रुवारीत गाठोड्याच्या खाली पुन्हा कापलं. खोड 11 सेंटिमीटरच उरलं. खोडाची उंची पूर्ण झाडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात, त्या हिशेबानं झाड 33-34 सेंटिमीटरपर्यंत न्यायचं ठरलं. या वेळी काप सपाट घेतला नाही. मधून खोलगट, इंग्रजी व्ही अक्षरासारखा घेतला, म्हणजे फुटवे एकाच पातळीवर न येता थोडे वरखाली येतात आणि जखम भरताना माथा फुगत नाही. कापाच्या खाली लागूनच सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. ती पट्टी दर पंधरा दिवसांनी बघायची, सालीत रुतायला लागली की सोडून नव्यानं बांधायची. पावसाळा संपेपर्यंत मी हे न चुकता केलं.

फुटवे या वेळी चौदा आले. आठ ठेवले, सहा खुडले. त्या सहांपैकी पहिला खुडताना मी डोळे मिटले होते, हे खरं. मधोमध सरळ वर जाणारा सगळ्यात जोरदार असतो, तो ठेवला पण सगळ्यात आखूड. कडेच्यांना जास्त वाढू दिलं. वरच्यालाच जोर जातो, त्याला मोकळं सोडलं तर बाकीचे उपाशी राहतात. एप्रिलअखेर आठाचे पाच केले. प्रत्येक फांदी वीतभर वाढू द्यायची आणि मग दोन पानांवर छाटायची, शेवटचं पान बाहेरच्या बाजूचं असेल असं बघून. पानाच्या बगलेतून पुढची फांदी निघते, म्हणून पान ज्या दिशेला तिकडेच फांदी जाते. पाचाच्या दहा, दहाच्या वीस. थंडीत सगळ्या फांद्या वर गोळा करून सुती नाडीनं सैल बांधून ठेवल्या. महिन्याभरानं नाडी सोडली तेव्हा त्या तशाच उभट राहिल्या.

मुळांचं मात्र मला फार सांगता येणार नाही, ते अजून शिकतेय. झाडू शैलीत झाड चहूकडून सारखं दिसतं, त्यामुळे मुळंही चहूकडं हवीत. माझ्या झाडाला दोनच बाजूंना जाड मुळं होती. फरशीच्या तुकड्यावर झाड बसवून, बारीक मुळं बोटांनी पसरवून, चाळलेल्या विटांचे तुकडे, शेणखत आणि थोडी लाल माती घातली. तिसरी बाजू आता भरलीय, चौथी अजून नाही.

आमच्याकडे चायनीज एल्म थंडीत पूर्ण निष्पर्ण होत नाही. जानेवारीत राहिलेली पानं मी हातानं काढते आणि झाड उघडं करून बघते. या जानेवारीत माथ्यावर बोट फिरवलं. गाठोडं नाही, एक बारीकसा वळ आहे, तो माझ्या दुसऱ्या कापाचा. उंची 29 सेंटिमीटर, टोकं मोजली तर अडतीस. एकाआड एक दिवस पाणी, मे महिन्यात दिवसातून दोनदा.

येत्या फेब्रुवारीत कुणी एल्म कापणार असेल, तर माझं एवढंच सांगणं आहे. करवत काढाल त्याच दिवशी ट्यूबची पट्टीही कापून तयार ठेवा, आणि एप्रिल संपायच्या आत फुटवे आठाच्या खाली आणा.