घर कोणाला म्हणावे?

'चूल वेगळी केली' एवढे म्हटले की आपल्या वसईत पुढचे सारे समजते. भाऊ एकाच अंगणात राहतात, विहीरही एकच असते. पण घरे दोन झालेली असतात. आपल्याकडे घराची सीमा भिंतीपेक्षा चुलीनेच ठरत आली. भारताच्या जनगणनेची व्याख्याही तशीच आहे. जे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, ते एक कुटुंब. त्यांच्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे अशी अट तीत नाही.

ही जुनी गोष्ट आज आठवली ती संगणकामुळे. पुण्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मिस्सा आटोपल्यावर आम्हांला एक प्रश्न विचारला. (तो पापनिवेदनातला नव्हता, आणि येथे मांडण्यास त्याची संमती आहे.) त्याच्या खोलीतील सोबत्याने मायक्रोसॉफ्ट ३६५ ची कौटुंबिक वर्गणी भरली होती. तीत सहा जणांची सोय असते; प्रत्येकाचे खाते स्वतंत्र, प्रत्येकाला साठवणीस एक टेराबाइट जागा. "जागा रिकाम्याच आहेत, तूही ये," असे सोबती म्हणाला आणि हा गेला. "फादर, ही चोरी तर नव्हे?"

बरोबरीची मुले हसतील असा हा प्रश्न; आम्हांला मात्र त्याचे कौतुक वाटले. अशा करारांत 'घर' हा शब्द जपून वापरलेला असतो. स्पॉटिफायची कौटुंबिक योजना एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे. नेटफ्लिक्सनेही जुलै २०२३ मध्ये भारतातील ग्राहकांना कळवले की एक खाते एकाच घरासाठी आहे. तेव्हा पहिला धडा हा, की ज्याच्यावर आपण 'मान्य' म्हणून बोट ठेवतो तो करार एकदा वाचावा. त्यात 'एका घरातील माणसे' असे असेल, तर भाडे वाटून घेणारे आणि एका कुकरचा भात जेवणारे दोघे मित्र हे घरच होय, असे आम्हांला वाटते. आमच्या धर्मगुरुनिवासात तीन गावांचे तीन धर्मगुरू एका टेबलावर जेवतात. त्याला आम्ही घर म्हणतो, मग या मुलांच्या बिऱ्हाडाला का म्हणू नये? मात्र करारात 'एकाच कुटुंबातील नातलग' असे असेल, तर तेथे आपली व्याख्या घुसडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरा पेच पुढेच होता. पुढल्या महिन्यात त्याची बदली हैदराबादला व्हायची होती. खोली सुटणार, बिऱ्हाड मोडणार. पण खाते तसेच चालू राहिले असते. "कोण बघतो?" असे सोबती म्हणाला होता. शिवाय कंपनी अब्जावधींची. तिचे काय बुडणार?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला एक साधी गोष्ट शिकवली गेली : धनको श्रीमंत आहे म्हणून ऋण फिटत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेच्या विवेचनात सांगतो की, न्याय्य करार काटेकोरपणे पाळले पाहिजेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात ज्ञान आणि तंत्रकौशल्य ही मालकीची नवी रूपे म्हणून ओळखली. आपल्या कायद्यानेही १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती'त जागा दिली. म्हणजे ती लिहिणारा हा, या त्रैमासिकात लिहिणाऱ्यांचा दूरचा भाऊबंदच ठरतो!

दुसरी बाजूही ख्रिस्तसभेने झाकलेली नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या 'कारितास इन वेरिताते'मध्ये बौद्धिक मालकीच्या अतिताठर आग्रहावर, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रातील आग्रहावर, बोट ठेवले. ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचावे ही तळमळ खरीच आहे. परंतु गरिबाच्या औषधासाठी दिलेला तो युक्तिवाद पगारदार तरुणाने आपली वर्गणी वाचवण्यास वापरावा, हे काही योग्य नव्हे. आणि ज्याला मोकळेपणाने वाटून घ्यायचे आहे, त्याला तसा मार्गही आहे. २०१० पासून 'लिब्रेऑफिस' उपलब्ध आहे. ते कोणालाही फुकट वापरता येते, मित्राला देता येते, आणि त्यात कसलाही आडपडदा नाही.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले : "खोलीची किल्ली परत करशील, त्याच दिवशी ही जागाही परत कर." त्याने तसे केले. आपल्या फायली काढून घेतल्या, स्वतःचे नाव कमी केले आणि लिब्रेऑफिस घेतले. कार्यालयातून आलेल्या तक्त्यांची मांडणी त्यात कधी विस्कटते. मग ती सारखी करण्यात त्याची संध्याकाळ जाते. सहकारी त्याला 'संत' म्हणून चिडवतात. "चिडवणे सोसते फादर," तो फोनवर म्हणाला, "पण ते तक्ते सोसत नाहीत!" पुढे पगार वाढला की स्वतःची वर्गणी भरण्याचा त्याचा विचार आहे.

मुले शहराकडे निघाली की आपण त्यांच्या पेटीत लोणच्याची बरणी आणि जपमाळ ठेवतो. त्यांच्या हातांतून पुढे लाखांचे व्यवहार होतील. मात्र तेथे ती कशी वागतील, याची तयारी अशा शे-दोनशे रुपयांच्या, कोणी न पाहणाऱ्या गोष्टींतच होत असते. तेव्हा फोनवर "जेवलास का?" असे विचारताना कधी हेही विचारावे : "बाळा, तू जे वापरतोस, ते तुझे आहे ना?"