सामर्थ्याचा जमाखर्च

टेबलाभोवती बसून कल्पित अरण्यांत आणि भग्न दुर्गांच्या तळघरांत संचार करण्याचे जे खेळ पाश्चात्त्य जगात गेल्या अर्धशतकात वाढीस लागले, त्यांचे नियम करणाऱ्यांपुढे एक प्रश्न आरंभापासून उभा आहे. योद्धा घाव घालतो तेव्हा स्वतःच्या जखमेची जोखीम पत्करतो, चोर कुलूप उघडतो तेव्हा पकडले जाण्याची. मग ज्याच्या जिभेवरच्या चार अक्षरांनी शत्रूंची टोळी निद्रिस्त होते, त्या जादूगाराकडून काय वसूल करायचे? सामर्थ्याविषयी आपली खरी धारणा काय आहे, हे या प्रश्नाच्या उत्तरात उघड होते, असे मला वाटते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जॅक व्हान्स या कथाकाराच्या कल्पनेवरून घेतलेली तजवीज रूढ झाली: मंत्र आधी घोकून ठेवायचा आणि उच्चारताच तो स्मृतीतून पुसला जायचा. नवशिक्याच्या वाट्याला दिवसाकाठी एकच मंत्र. पहिल्याच दाराआड पाचसहा शत्रू उभे असावेत, सोबत्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले असावेत, आणि निद्रामंत्र आताच खर्ची घातला तर उरलेली सारी वाट कमरेच्या सुरीवर निभवायची आहे हे मनोमन ठाऊक असावे, त्या क्षणी खेळणाऱ्याच्या मनात जी घालमेल होते तिच्यात नियमाचे सारे सार्थक आहे. पुढे त्याच खेळात शीघ्रगतीचा मंत्र ज्याच्यावर पडे तो एका वर्षाने वृद्ध होऊ लागला. पण कागदावरच्या वार्धक्याची झळ लागण्याआधीच बहुतेक कथानके आटोपतात. संगणकाच्या खेळांत तर शक्तीच्या शिलकेतून आकडा वजा करायचा आणि औषधाच्या घोटाने ती पुन्हा भरायची, एवढी कोरडी रोजकीर्दच उरली.

सँडी पीटरसन यांच्या १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने मात्र या विचाराला गांभीर्य दिले. त्यात निषिद्ध ग्रंथ वाचून गूढविद्येचा आकडा जितका वाढतो, तितकीच मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. खेळणारा पेन्सिलीने एका रकान्यात पाच मिळवतो आणि त्याच हाताने दुसऱ्या रकान्यातून पाच खोडतो. ज्ञान आणि त्याचा दंड येथे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होतात.

महाभारतकारांना हे मर्म पुरते अवगत होते. कवचकुंडलांच्या मोबदल्यात कर्णाने इंद्राची शक्ती मिळवली, तीही एकदाच सोडण्याच्या अटीवर. अर्जुनासाठी जपलेली ती अमोघ शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली. पण त्याहूनही मला विचारात पाडतो तो सौप्तिकपर्वातला इशारा: ज्या देशात ब्रह्मशिर अस्त्राचे दुसऱ्या महास्त्राने निवारण होते, तेथे बारा वर्षे पर्जन्य पडत नाही. अस्त्रे सोडणारे वीर आपापल्या मार्गाने निघून जातील, आणि ज्याचा त्या वैराशी काडीचाही संबंध नाही तो कुणबी कोरड्या आभाळाकडे पाहत राहील. अर्जुनाने आपले अस्त्र आवरले; अश्वत्थाम्याला ते साधले नाही.

१९९१ साली आलेल्या ‘डार्क सन’ या खेळविश्वात हीच गोष्ट नियमाच्या रूपाने भेटते. तेथील जादू वनस्पतींच्या प्राणावर चालते; संयमाने घेणारा जादूगार झाडे जगवतो, अधीर जादूगार मात्र भोवतालच्या भूमीची राख करून टाकतो, आणि अशा अनेक पिढ्यांच्या अधीरतेने ते अवघे जग वाळवंट झाले आहे. मला ठाऊक असलेल्या साऱ्या नियमांत हा श्रेष्ठ वाटतो, कारण यात किंमत दुसऱ्यावर ढकलण्याची मुभा आहे आणि ती न ढकलण्याचा मार्गही खुला आहे.

असे खेळ रचू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना म्हणूनच माझी विनंती आहे: जादूगाराच्या थकव्याचे कोष्टक मांडण्यापूर्वी, त्याच्या मंत्राचे देणे कोणाच्या नावे पडणार हे ठरवा, आणि मंत्र उच्चारण्याआधी ते त्याला स्पष्ट सांगा.