खुंट्यावरचा दुसरा हात

जुन्या गाडीचं बॉनेट वर केलं की इंजिन खरोखर दिसतं. हल्लीच्या गाडीत काळ्या प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि त्यावर कंपनीचं नाव. प्रीमियर पद्मिनीत मात्र 1089 सीसीचं ते आटोपशीर इंजिन, वरचा एअर फिल्टर, प्लगच्या वायरी, कडेचा पेट्रोल पंप असं सगळं समोर असतं आणि मधल्या फटींतून खालची जमीनही दिसते. पाना घातला तर हात फिरवायला जागा राहते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभी केलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ही गाडी बनवायची. कागदावर नावं बदलत गेली, डिलाइट, प्रेसिडेंट, मग पद्मिनी. आमच्या गंगाखेडात ती कायम ‘फियाट’च राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची अजून दारात उभी आहे आणि चालतेही.

तिच्या बॉनेटखाली एकच गोष्ट उपरी होती. काळ्या पत्र्याचा एक फुगीर डबा, ब्रॅकेटवर आडवा बसवलेला. त्याला इंजिनकडून आलेला जाड रबरी पाइप आणि ब्रेक ऑइलच्या दोन बारीक नळ्या. ब्रेकचा सर्व्हो, गॅरेजात ज्याला सगळे बूस्टर म्हणतात, तो हा. गाडी कारखान्यातून आली तेव्हा तो नव्हता. आमच्या नानांनी मागाहून बसवून घेतला होता. आता गाडी नीट करायला काढली, बॉनेटखाली रंग मारायचं ठरलं आणि हा डबा डोळ्यांत खुपू लागला. तो गेला तर ती अख्खी बाजू मोकळी होणार होती. जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्या माणसांना हा मोह जगभर होतो. वायरी लपवायच्या, नळ्या कडेने वळवायच्या, रिकामा पत्रा चमकवायचा. मला तो मोह समजतो. परभणीच्या उन्हाळ्यात तर त्याला व्यावहारिक कारणही आहे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत या गाडीचं पेट्रोल पंपातच उकळतं, गाडी फुरफुरून बंद पडते आणि पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याकडेच्या लिंबाखाली थांबावं लागतं. इंजिनभोवती जेवढी हवा खेळेल तेवढी बरी.

पण हात लावण्याआधी, हा डबा नेमकं करतो काय ते नीट पाहून घ्यावंसं वाटलं.

पेट्रोल इंजिन चालू असताना ते सतत हवा आत ओढत असतं. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरची झडप मिटते आणि मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. बूस्टर तोच निर्वात रबरी पाइपातून उसना घेतो. पाइपाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते, त्यामुळे घेतलेला निर्वात डब्यात साठून राहतो. डब्याच्या पोटात एक रबरी पडदा, दोन्ही बाजूंना सारखाच निर्वात. ब्रेकवर पाय पडला की एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा दुसरीकडे ढकलला जातो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पडदा 20 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ तीनशेच्या वर जातं. त्यातला दोन तृतीयांश दाब जरी हाती लागला तरी 200 किलोंच्या आसपास जोर होतो. आपल्या अंगाखांद्यावर जन्मभर वागवत असलेली आणि कधीही न जाणवलेली हवा ब्रेकवर आपल्या पायासोबत उभी राहते.

हे समजून घेताना मला जनाबाई आठवल्या. गंगाखेड त्यांचं जन्मगाव. इथल्या माणसाला त्या आठवायला निमित्त लागत नाही. दळण दळताना जातं हलकं लागायचं, कारण खुंट्यावर विठ्ठलाचा दुसरा हात असायचा, ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेली. बूस्टरची मदत अगदी तशी आहे: न दिसणारी, आणि पाय तर आपलाच असल्याने श्रेय आपल्यालाच देणारी.

या मदतीची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा. साठलेला निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करायची. बूस्टर जिवंत असेल तर पेडल तळव्याखाली किंचित खाली बसतं. यातच धोकाही आहे. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे आमच्याकडे पुष्कळ होते. दोन-तीनदा ब्रेक दाबला की मदत संपते, आणि ती उताराच्या मध्यावर संपते.

रेल्वेने याच निर्वाताचा उलटा उपयोग केला होता. परभणीहून गंगाखेडमार्गे परळीला जाणाऱ्या गाड्यांनाही पूर्वी व्हॅक्यूम ब्रेकच होते. तिथे निर्वात ब्रेक सोडवून धरायचा. साखळी ओढली की नळीत हवा शिरायची आणि चाकं आवळली जायची. डबा तुटला, नळी फाटली तरी गाडी थांबणार. मोटारीच्या बूस्टरमधला निर्वात गेला तर फक्त मदत जाते, ब्रेक राहतो, आणि सगळा भार पायावर येतो. तो पाय कुणाचा, यावर सगळं अवलंबून.

आमच्या गाडीत तो पाय नानांचा होता. उजवा गुडघा दुखायला लागला, तरी गाडी सोडवेना. साखर कारखाने सुरू झाले की या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतात, कधी मागे दिवा नसतो, कधी ट्रॉलीला ब्रेक नसतो, आणि त्यांच्या मागे असताना अचानक थांबावं लागतं. म्हणून हा डबा आला. बॉनेटखालच्या त्या अडगळीत नानांचा गुडघा होता, हे माझ्या लक्षात असूनही मी तिच्याकडे निव्वळ अडगळ म्हणून बघत होतो. त्यांना विचारल्याशिवाय पाना लावणं बरोबर वाटलं नाही.

“नाना, काढू का बूस्टर?”

“माझ्या गुडघ्यासाठी होता तो. आता गाडी तू चालवतो. तुझ्या पायाला इचार.”

पुढचा निकाल बूस्टरनेच दिला. ब्रेक ऑइल उतरायला लागलं. चाकांशी ओल नाही, जमिनीवर डाग नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. मिस्त्रीने वाकून रबरी पाइप उपसला, आत बोट फिरवलं आणि ओलं बोट माझ्यासमोर धरलं. “गळती बाहेर नाही, भाऊ. बूस्टर ऑइल प्यायलाय.” आतलं सील झिजलं होतं आणि इंजिन पाइपातून ब्रेक ऑइल ओढून जाळत होतं.

तरीही, काढावा की दुरुस्त करावा, हा प्रश्न होताच. उत्तर चाकांत सापडलं. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेला तोंड करून असलेला शू ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो. ब्रेक स्वतःच स्वतःला आवळतो. डिस्कला ही सोय नाही, ती फक्त चिमटते, म्हणून तिला बाहेरून जोर हवा. ज्या गाडीला मुळात डिस्क आणि बूस्टर जोडीने दिले आहेत, तिचा बूस्टर शोभेसाठी काढणं मला अजिबात मान्य नाही, मग ती गाडी कितीही देखणी दिसो. आमच्या गाडीचे ब्रेक मात्र बूस्टरशिवाय चालावेत म्हणूनच आखलेले होते. शिवाय 2021 च्या केंद्राच्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या मूळ रूपातल्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली आहे, तीही मनात होती.

काढणं तासाभराचं, नीट बसवणं दिवसभराचं. दोन तुटक्या नळ्यांच्या जागी नवी अखंड नळी, टोकांना नीट फ्लेअर केलेली. मॅनिफोल्डचं तोंड घट्ट बुजवलेलं, नाहीतर इंजिन तिथून फुकटची हवा ओढून थरथरतं. मग सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढणं. लेक पेडलवर, मिस्त्री चाकाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. “दाब... धर... सोड.” बुडबुडे यायचे, थांबायचे, पुन्हा एक चुकार बुडबुडा यायचा. तो येईनासा होईपर्यंत मिस्त्रीने कुणालाही चहाला उठू दिलं नाही.

परळीच्या रस्त्याला गाडी नेली. पेडल जड आहे, हे खरं. पण शू ड्रमला टेकतो तो क्षण आता तळव्याला कळतो. ट्रॉली लांबवर दिसली की पाय आधीच ब्रेकवर जातो, मधलं अंतर मी आपोआप वाढवलं आहे. नाना शेजारी बसले होते. पहिल्या दोन-तीन ब्रेकला त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला गेला, मग ते निवांत शेताकडे बघू लागले.

रंगाच्या आधी मिस्त्री म्हणाला, “ब्रॅकेटची भोकं वेल्डिंगनं बुजवून टाकू, कळणारबी नाही.” मी नको म्हटलं. रबरी बुचं बसवली, बूस्टर पुसून, जुन्या नळ्यांसकट खोक्यात घालून माळ्यावर ठेवला. नवं सील मिळालं की तो दुरुस्त करून घेणार आहे. नानांच्या वयाचा होईन तेव्हाही मला ही गाडी चालवायची आहे, आणि आमच्या घरात गुडघे लवकर जातात.