फळ्याचे शेजारी

शाळेतील सर्व वस्तूंत फळ्याइतकी निरिच्छ वस्तू दुसरी नसेल. त्याला तेल नको, वीज नको, की तो बिघडला म्हणून तालुक्याच्या गावाहून माणूस बोलवावा लागत नाही. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत पूर्वी शाळा उघडण्याच्या सुमारास मुलेच त्याची सेवा करीत. जुन्या सेलमधील काळी पूड पाल्याच्या रसात कालवायची आणि चिंधीच्या बोळ्याने फळ्यावर चढवायची, की तो वर्षभराच्या कामाला सिद्ध होई. काळे फासल्याने ज्याची अब्रू जात नाही, उलट वाढते, असा तो जगात एकटाच असावा.

परंतु हा साधा फळाही सर्वांच्या वाट्याला सहज आला नाही. 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे 1987 साली, देशभर एक मोहीम हाती घ्यावी लागली. मराठीत तिला 'खडू-फळा योजना' हे सुटसुटीत नाव मिळाले. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, तक्ते अशी आवश्यक सामग्री असावी, एवढाच तिचा संकल्प होता. 'एवढाच' म्हणावयास सोपे आहे. ज्या शाळेत पाऊस आला की सुट्टी द्यावी लागे, तेथील मुलांना तो केवढा तरी मोठा वाटला असेल.

फळ्याच्या शेजारी यंत्र आणून बसविण्याचा एक मोठा प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात, अमेरिकेने उसन्या दिलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. तथापि कर्नाटकातील रायचूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यात होते आणि 1956 पर्यंत ते जालन्याबरोबर एकाच हैद्राबाद राज्यात नांदत होते. जुन्या शेजाऱ्यांच्या अंगणात हे नवल प्रथम अवतरले. शाळेच्या छपरावर, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची ताटली आकाशाकडे तोंड करून बसे. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम असत आणि सायंकाळी वडीलधाऱ्यांसाठी.

या प्रयोगातील खरे नवल मात्र त्या ताटलीत नव्हते. उपग्रहाविषयीचा करार झाला 1969 साली आणि खेड्यांत चित्र दिसू लागले 1975 साली. एका वर्षाच्या कार्यक्रमासाठी जवळजवळ सहा वर्षांची तयारी! जेथे वीज नाही तेथे संच कशावर चालवावा, तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस कोठे ठेवावा, मुलांना नेमके काय दाखवावे, या प्रश्नांवर त्या वर्षांत माणसे झटत होती. विज्ञान शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांकरिता त्याच दूरचित्रवाणीवरून बारा दिवसांचे वर्गही चालविले गेले. ज्यांनी हे स्वप्न प्रथम पाहिले ते डॉ. विक्रम साराभाई 30 डिसेंबर 1971 रोजी निवर्तले. त्या जाळीच्या ताटल्या त्यांना पाहावयास मिळाल्या नाहीत. पण काम अडले नाही, कारण ते एका माणसाच्या डोक्यात नव्हते, अनेकांच्या वहीत उतरलेले होते.

आता यंत्र येण्यास सहा वर्षे लागत नाहीत. ते एका दिवसात येते. मंठा तालुक्यातील एखादी जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणावी. तिचे नाव काय, याला महत्त्व नाही. अशा शाळा पुष्कळ आहेत. 2015 नंतर राज्यात ठिकठिकाणी गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर, संगणक, टॅब्लेट घेऊन दिले. या शाळेतही पेटी आली. नारळ फुटला. प्रोजेक्टरला हळदकुंकू वाहून हार घातला गेला. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला आणि भिंतीवर देवमासा पोहू लागला. ज्या गावात सर्वांत मोठे पाणी म्हणजे पाझर तलाव, तेथील मुलांना तो देवमासा पाहून काय वाटले असेल, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. पहिलीतील दोन मुलांनी उठून भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडीच होती.

पुढील आठवड्यात वीज गेली. त्यानंतर वीज आली, तर इंटरनेट आले नाही. मग परवलीचा शब्द ज्या एका शिक्षकास ठाऊक होता त्यांची बदली झाली आणि दिवाळीपर्यंत प्रोजेक्टर कपाटात जाऊन बसला. कपाटातील यंत्र मोडत नाही, हे खरे. परंतु पोत्यात राहिलेले बी उगवतही नाही, हे बियाण्यांच्या व्यापारासाठी नावाजलेल्या जालन्याला कोणी सांगावे?

त्या शाळेतील बाईंनी कपाट उघडण्यापूर्वी एक कोरी वही काढली. प्रत्येक पाठापुढे त्यांनी एकच प्रश्न लिहिला: येथे फळ्याला काय दाखविता येत नाही? हरभरा कसा अंकुरतो, हे पडद्यावर पाहण्याचे कारण काय? ओल्या फडक्यात मूठभर हरभरे बांधून ठेवले, की तिसऱ्या दिवशी ते स्वतःच बोलतात. गोदावरीचा प्रवाह नकाशावर दाखविता येतो. परंतु धडधडणारे हृदय, समुद्राची भरती, वाळवंटातील वादळ यांच्यासाठी पडदा हवा. तोही दहा मिनिटे. मग दिवा लावावयाचा, गोणपाट बाजूला सारावयाचा आणि प्रश्न विचारावयाचे. वर्षाच्या पाठांपैकी फार थोड्या पाठांपुढे 'पडदा' हा शब्द पडला. पेटीसाठी वर्गणी देणाऱ्या एका पुढाऱ्यास हे मुळीच आवडले नाही. एवढा पैसा खर्चून यंत्र आणले, तर ते दिवसभर चालावयास हवे, असा त्यांचा हिशेब होता. घरात विळी आहे म्हणून कोणी दिवसभर भाजीच चिरीत बसत नाही, असे उत्तर बाईंच्या ओठांवर आले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

वहीच्या उत्तरार्धात अगदीच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी होत्या. पाठ आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे इंटरनेटवाचून अडणार नाही. वीज बहुधा सकाळी असते, तेव्हा विज्ञानाचा तास सकाळी घ्यावा. कपाशीच्या दिवसांत धूळ फार, म्हणून प्रोजेक्टरला जुन्या लुगड्याची खोळ शिवावी. वायरी जोडण्याचे काम सहावीच्या व सातवीच्या मुलामुलींना शिकवावे आणि परवलीचा शब्द किमान तिघांना ठाऊक असावा. विजेचे बिल कोण भरणार, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या, आणि त्या योग्यच होत्या. बिल थकले म्हणजे उत्तमातील उत्तम यंत्रही खोक्याहून अधिक मोलाचे राहत नाही.

आणि तरीही वहीत एक गोष्ट राहून गेली होती.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये मुले. गावात हंगामी वसतिगृह असले आणि घरी आजी असली, तर मूल मागे राहू शकते. सहावीतील एका मुलीला आजी नव्हती. दीड वर्षाचा भाऊ मात्र होता, आणि आई फडात गेली की त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते. प्रोजेक्टरच्या वायरी सर्वांत नेटक्या जोडणारी मुलगी तीच. शाळा 2020 साली महामारीत बंद झाल्या, तेव्हा घरातील एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि मुलाचा पाठ बुडतो, हे साऱ्या महाराष्ट्राने अनुभवले होते. या मुलीच्या घरी ते दरवर्षीच घडत होते.

कपाटात टॅब्लेट होते. परंतु जडवस्तूंच्या नोंदवहीत ज्याची नोंद झाली, ते शाळेबाहेर द्यावे कसे? फडात हरवले तर उत्तर कोणी द्यावे? बाईंनी दोन दिवस विचार केला. अखेर त्यांनी तिच्या वडिलांचा फोन मागून घेतला आणि त्याच्या कार्डात स्वतःच्या आवाजातील चोवीस पाठ भरले. प्रत्येक पाठाच्या शेवटी तीन प्रश्न होते. उत्तरे वहीत लिहावयाची होती. 

"कोपीत लाईट नसते, बाई," वडील म्हणाले.

"मग दुकानात चार्ज करा, भाऊ. दहा दिवसांत दोन पाठ ऐकले तरी पुरे," बाई म्हणाल्या.

एप्रिलमध्ये ती परत आली. उंची वाढली होती आणि हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. पिशवीतून तिने वही काढून टेबलावर ठेवली. पाने पिवळी पडली होती, एका कोपऱ्यावर राखेचा डाग होता. अकरा पाठांची उत्तरे व्यवस्थित लिहिलेली होती. पुढील पाने कोरी.

"मोबाईल बंद पडला, बाई. मग ऐकता नाही आलं."

बाईंनी आपली वही उघडली आणि पुढील वर्षाच्या पानावर लिहिले, 'पाठ कागदावरही द्यावेत. टॅब्लेटविषयी मुख्याध्यापकांशी बोलणे.' मग त्यांनी मुलीला बाराव्या पाठाचे नाव विचारले. तिला ते पाठ होते.

वर्गातील पंखा मघाच थांबला होता. वीज गेली होती. बाईंनी खडू उचलला आणि बारावा पाठ फळ्यावर मांडावयास आरंभ केला.