भुंग्याचं घर

मराठी शिकवताना कितीतरी वर्षं कवितेतल्या भ्रमराचं कौतुक केलं. गुंजारव करणारा, कमळात अडकून पडणारा. वर्गात एखादा पोरगा हमखास विचारायचा, "बाई, तो चावतो का?" आणि हशा पिकायचा. नोकरी संपल्यावर हे महाशय आमच्याच मांडवावर भेटले.

इमारतीच्या मागे यांनी दोडक्यासाठी बांबूचा मांडव घातला होता. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मांडव वाळून करडा पडलाय, आणि एका बांबूला बोट जाईल एवढं वाटोळं भोक आहे. खाली भुसा. सुतार कोण, तर भुंग्याची मादी! जबड्यांनी कोरते, आत परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत घालते आणि पुढची खोली सुरू करते.

मंडळी, वांग्याचं फूल कधी निरखून पाहिलंय? त्याचे पराग उघड्यावर नसतातच. पिवळ्या पुंकेसरांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय काही पडत नाही. भुंगा फुलाला लोंबकळतो, पंख मिटूनच उडण्याचे स्नायू थरथरवतो, की पराग त्याच्या पोटावर! आवाज तेव्हा चढतो, कान देऊन ऐका. निळ्या पट्ट्यांची एक चपळ माशी असते, तिलाही ही विद्या येते. टोमॅटोचंही असंच. पेटीतल्या सातेरी माशीला हे जमत नाही; वाऱ्यानं थोडंफार भागतं इतकंच.

आता सोसायटीचा बेत असा, की मांडव काढायचा, मागची माती पेव्हर ब्लॉकखाली झाकायची आणि कुंड्यांत क्रोटन लावायचे. स्वच्छ दिसेल म्हणे. क्रोटनशी माझं वैर नाही, पण ती निळ्या पट्ट्यांची माशी मातीत घर करते, तिनं जायचं कुठे? मी कमिटीला अर्ज दिला (शुद्धलेखन दोनदा तपासून!). मांडव राहू द्या, तीन फुटांची मातीची पट्टी सोडा, तिथे शेवगा, तरवड आणि तुळस लावू. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र कुणी खुडायच्या नाहीत, आणि फुलांवर औषध फवारायचं नाही.

"काकू, पोरांना चावलं तर?" अध्यक्षांनी विचारलं. तोच प्रश्न! भुंग्याच्या नराला नांगीच नसते, आणि मादी मुठीत धरल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. आग्या मोहोळाची भीती रास्त आहे, पण ते प्रकरण वेगळं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मांडव बाबांचा म्हणून भांडतेयस ना?" तेही आहेच. नाही कशाला म्हणू? पण त्या बांबूत आत्ता पिल्लं आहेत, हेही खरं.

रविवारी सभा आहे. शेवग्याला होकार मिळालाय, मातीच्या पट्टीवरून घोळ चालू आहे, मांडवाचं कुणी बोलत नाही. तरवडाचं बी कुणाकडे असेल तर कळवा. वाळलेल्या शेंगा तशाच पाठवल्यात तरी चालतील.