भिगवणचे पाहुणे आणि दोन कॅमेरे

मुलांनो, पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की साधारण १०० किलोमीटरवर भिगवण येतं. हॉटेलांच्या पाट्यांवर मासळीची थाळी दिसू लागली, की समजायचं, पाणी जवळ आलं! हे पाणी भीमेचं. १९८० मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं आणि नदी मागं पसरत पसरत इथवर आली. जिथं शेतं होती, तिथं उथळ पाणी आणि चिखल झाला. माणसांची गावं उठली, पक्ष्यांना मात्र आयती खाणावळ मिळाली.

जानेवारीतल्या एका पहाटे सातवीच्या चार मुलांना घेऊन मी इथल्या कुंभारगावात पोचले. आमच्या शाळेत पक्ष्यांची नोंदवही आहे. तिच्यासाठी गावानं वर्गणी काढून दिली होती आणि त्यात एकच कॅमेरा बसत होता. कोणता घ्यायचा, हे पाण्यावरच ठरवू म्हटलं. म्हणून ओळखीतून दोन कॅमेरे मागून आणले होते. एक सोनी अल्फा ६०००, २०१४ सालचा. दुसरा त्याचाच धाकटा भाऊ अल्फा ६४००, २०१९ चा.

दोन्ही ‘मिररलेस’, म्हणजे बिनआरशाचे. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागं तिरका आरसा असतो. तो दृश्य वर आपल्या डोळ्याकडे पाठवतो आणि फोटो काढताना खटकन उचलला जातो. यांच्यात तो आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र छोट्या पडद्यावर दिसतं. म्हणून कॅमेरा आटोपशीर होतो. थोरला ३४४ ग्रॅमचा, धाकटा ४०३ चा, तेही लेन्स सोडून.

होडी निघाली. शेकाट्या लाल काटकुळ्या पायांवर उभे होते. चित्रबलाक अर्धवट झोपेत होते. आणि पुढं, पाण्यावर गुलाबी रेघ ओढावी तसे रोहित! रोहित म्हणजे फ्लेमिंगो. उंची चौथीतल्या मुलाएवढी. चोच उलटी करून हा चिखलाचं पाणी गाळतो. त्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यानं याची पिसं गुलाबी होतात. पिल्लं मात्र करडी असतात.

धाकट्या कॅमेऱ्यावर नेहमीची छोटी लेन्स होती, थोरल्यावर २१० मिलिमीटरपर्यंतची लांब. छोट्या लेन्समधून रोहित मुंगीएवढे दिसेनात.

“काका, होडी जवळ घ्या ना!” एक जण म्हणाला.

नाववाल्या काकांनी बांबू चिखलात रोवला. “आता पुढं गेलो तर उठतील. दर होडीनं उठवलं तर बिचाऱ्यांनी खायचं कधी?”

मग लेन्सांची अदलाबदल केली. दोन्ही कॅमेऱ्यांना त्याच लेन्स बसतात, हे बरं. सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत होता. त्याच्यामागं धाकटा छान चिकटून राहिला. नेम धरायला त्याला ४२५ बिंदू आहेत, थोरल्याला १७९. थोरल्याचा नेम मधेच पाण्यावर जायचा. धाकट्यात आवाज न करता फोटो काढायची सोयही आहे, पण भराभर हलणारे पंख त्यात वाकडे येतात. धूळ आणि दमट हवा मात्र तो जास्त सोसतो, आणि होडीवर ते काही कमी नाही.

उभ्या रोहितांच्या फोटोंत मात्र फरक सापडेना. दोन्हींत सुमारे २ कोटी ४० लाख ठिपके. दोन्ही सेकंदाला ११ फोटो काढतात. बॅटरीही तीच!

आमच्या पैशांत धाकटा आणि छोटी लेन्स येत होती; किंवा थोरला, वापरलेला, दोन्ही लेन्ससकट. होडीतच मतं पडली. दोन मुलं धाकट्याच्या बाजूनं. “बाई, उडणाऱ्या पक्ष्याचं काय?” त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण छोटी लेन्स म्हणजे दर वेळी काकांना ‘आणखी जवळ’ म्हणणं आलं. आम्ही थोरला घेतला.

तुम्ही जाल तर डिसेंबर ते मार्चमध्ये जा आणि उन्हं चढायच्या आत होडीत बसा. आमच्या नोंदवहीत आता रोहित आहेत, चक्रवाक आहेत. नवव्या पानावर एक पांढरट फराटा आहे. त्याखाली एका मुलीनं लिहिलंय, ‘नदी सुरय (हलला).’